आधी पाय रबराबाहेर

त्रिभुवन सरांनी मास्क डोक्यावर ढकलला, बाहीनं कपाळाचा घाम पुसला आणि गुडघ्याला मनातल्या मनात विनंती केली, की बाबा रे, एवढा एक सामना काढ. गुडघ्यानं उत्तर दिलं नाही. त्यांचा जुना मित्र भागवत वर्षभर त्यांच्याशी बोलत नव्हता, आता त्याला गुडघाही सामील झाला होता.

राहुरीच्या त्या शाळेच्या मैदानावर ऑक्टोबरचं ऊन उतरलं होतं. फक्कीनं आखलेल्या पांढऱ्या रेघांकडे बघितलं तरी डोळ्यांपुढे काजवे चमकत. जिल्हास्तरीय शालेय स्पर्धा, मुलींचा बेसबॉल, अंतिम सामना. जिंकेल तो संघ विभागाला जाणार, हरेल तो टेम्पोत बसून घरी. एका बाजूला सोनईची शाळा, दुसऱ्या बाजूला पुणतांब्याची. मांडवावरच्या बॅनरवर 'अहिल्यानगर' असं छापलेलं, आणि माईक धरलेला माणूस दर वाक्यात 'नगर जिल्हा' म्हणून दर वाक्यात जीभ चावत होता. प्रेक्षकांत निम्मे लोक हे क्रिकेटच आहे अशा समजुतीनं आले होते. बाकीच्या निम्म्यांना, हे क्रिकेट नसेल तर तीन स्टंप कुठे गेले, हा प्रश्न पडला होता.

सत्यवान त्रिभुवन हे याच गावातल्या दुसऱ्या एका शाळेचे क्रीडाशिक्षक. त्यांचा स्वतःचा संघ दरवर्षी पहिल्याच फेरीत गारद व्हायचा. ही त्या शाळेची जुनी परंपरा होती, आणि तिच्या कृपेनंच सर अंतिम सामन्याला निःपक्षपाती पंच म्हणून मोकळे सापडायचे. जिल्ह्यात बेसबॉलचा नियम न नियम पाठ असलेला माणूस म्हणून त्यांचं नाव होतं. हे नाव घेताना लोक कौतुकानं घ्यायचे की धसक्यानं, हे घेणाऱ्याच्या संघावर अवलंबून असे.

नियम हा माणूस अंगरख्यासारखा घालून फिरायचा. चर्चच्या हंगामाच्या सणाला लिंबू-चमचा शर्यत होती. पाळकबाई सगळ्यांच्या पुढे होत्या. शेवटच्या टप्प्यात त्यांचा अंगठा निमिषभर लिंबाला टेकला. मंडळीतल्या शंभर डोळ्यांना तो दिसला नाही, पण सरांना दिसला. त्यांनी तिथल्या तिथे हात वर करून पाळकबाईंना बाद केलं. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी क्षमेवर भला मोठा उपदेश केला, आणि सगळी मंडळी माना वळवून तिसऱ्या बाकाकडे बघत राहिली. सर तिथे शांतपणे बसले होते. त्यांना वाटलं, उपदेश पाळकबाईंसाठी आहे.

पण हे सगळं जुनं झालं. या वर्षी सर दमले होते. गुडघा दमला होता, हे तर सगळ्यांना दिसत होतं. आतून दमले होते, ते फक्त रेबेकाबाईंना ठाऊक होतं. त्या प्राथमिक शाळेत शिकवायच्या, आणि नवऱ्याला चौथीतल्या मुलाइतपत समज आहे असं धरून चालायच्या.

सकाळी डबा भरता भरता त्या म्हणाल्या, "अहो, बेसबॉल काढला अमेरिकेनं. नियम केले अमेरिकेनं. भांडणं तेवढी आपल्या घरात का?"

"कुणाशी भांडतोय मी?"

"भांडत नाही, तेच तर. भागवतभाऊजी वर्षात एकदा तरी उंबऱ्यात आले का? जास्मिनच्या साखरपुड्याला आले नाहीत. नाताळचा डबा मी भरून ठेवला, तो शेवटी आपणच जानेवारीपर्यंत खाल्ला. आज सोनईचा संघ आहे ना?"

"आहे."

"मग आज बारीकसारीक सोडून द्या. चेंडू कुठे पडला ते बघा, पोरीचं बोट कुठे लागलं ते बघू नका."

एरवी सरांनी नियमावलीतलं कलम सांगितलं असतं. आज त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं. रेबेकाबाईंनी काळजीनं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

भागवत म्हणजे सोनईच्या संघाचा प्रशिक्षक, भागवत दरंदले. तो आणि सर बी.पी.एड.ला एका खोलीत राहिले होते, एका स्टोव्हवर पिठलं करून खाल्लं होतं. पुढे दोघांना नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, पोटं सुटली, पण दर थंडीत भागवतच्या मळ्यात हुरडा ठरलेला आणि दर नाताळात सरांच्या घरच्या करंज्या सोनईला ठरलेल्या. गेल्या वर्षी यात खंड पडला, तो एका वेणीमुळे.

झालं होतं असं. बेसबॉलमध्ये पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी मुलगी, जमिनीत बसवलेल्या एका रबरी पट्टीवर पाय ठेवून चेंडू टाकते. मैदानाच्या कोपऱ्यांवरच्या ठिय्यांवर, म्हणजे बेसवर, समोरच्या संघाची धावणारी खेळाडू उभी असेल, तर पिचरनं रबरावर पाय ठेवायचा, दोन्ही हात छातीपुढे जुळवायचे आणि स्तब्ध व्हायचं. एकदा हात जुळले की ते सुटायचे फक्त चेंडू टाकायला. मध्येच हात काढून नाक खाजवलं, माशी हाकलली, काहीही केलं, की तो 'बॉक'. मग बेसवरची प्रत्येक धावपटू एकेक बेस फुकटात पुढे जाते. हात करायचं असेल ते करा, पण आधी पाय रबराबाहेर काढा, एवढीच अट. पिचरनं चेंडू टाकण्याचं नाटक करून धावणारीला फसवू नये, म्हणून हा नियम. त्यामागचा विचार चांगला आहे, पण माशी हाकलताना कुणी कुणाला फसवत नसतं, हेही खरंच.

सोनईची पिचर होती रोहिणी. गेल्या वर्षी तिला दोन लांब वेण्या होत्या, लाल रिबिनी लावलेल्या. हात जुळवले की उजवी वेणी खांद्यावरून पुढे यायची, आणि रोहिणी ती हातानं मागे टाकायची. शेवटचा डाव, बरोबरी, समोरच्या संघाची मुलगी तिसऱ्या बेसवर. रोहिणीनं हात जुळवले, वेणी पुढे आली, हात सुटला. "बॉक!" सरांनी मैदान हादरेल असा पुकारा केला. तिसऱ्या बेसवरची मुलगी चालत चालत घरी, म्हणजे होम प्लेटवर आली, आणि एक धाव झाली. सोनई हरली.

त्या दिवसापासून भागवत सरांशी बोलला नाही. भांडला असता तर सरांना बरं वाटलं असतं. भांडणाची त्यांना सवय होती. पण बैठकीत भेटला तर तो खुर्ची बदलायचा, फोनवर सरांचं नाव दिसलं की फोन बायकोच्या हातात द्यायचा. वहिनी बिचाऱ्या "ते मळ्यात गेलेत" म्हणायच्या, आणि मागून भागवतच्या खोकण्याचा आवाज यायचा.

सरांना आता विभाग, राज्य, पंचांचं पॅनेल, कशातच रस उरला नव्हता. त्यांना एवढंच हवं होतं, की भागवतनं "सत्या" अशी हाक मारावी. शिवी देऊन मारली तरी चालेल.

सामना सुरू झाला. सरांनी कॅचर, म्हणजे चेंडू झेलणाऱ्या मुलीच्या मागे बसकण मारली आणि समोर पाहिलं. पुणतांब्याची पिचर अश्विनी, ठेंगणी, दणकट पोरगी. बाप तालमीत मुलांना कुस्ती शिकवायचा, आणि ते पोरीच्या अंगात उतरलं होतं. ती रबरावर पाय ठेवायची, हात जुळवायची, मग काहीतरी आठवल्यासारखा उजवा हात काढून खाली वाकायची, मातीला शिवून तो कपाळाला लावायची, पुन्हा हात जुळवायची आणि मग असा चेंडू फेकायची की बॅट धरलेल्या मुलीनं डोळे मिटावेत. मल्ल हौद्यात उतरताना करतो, तोच नमस्कार.

पहिल्या डावात बेसवर कुणी नव्हतं, त्यामुळे नियमाचा प्रश्न नव्हता. पुढच्या डावात सोनईची एक मुलगी पहिल्या बेसवर पोचली. अश्विनीनं पाय ठेवला, हात जुळवले, हात सुटला, मातीला, कपाळाला, परत.

बॉक. स्वच्छ, धुतलेला, इस्त्री केलेला बॉक.

सरांच्या घशापर्यंत शब्द आला. तेवढ्यात गुडघ्यातून कळ आली, कानात रेबेकाबाईंचं "बारीकसारीक सोडून द्या" वाजलं, आणि सरांनी तो शब्द गिळला. पोरगी मातीला नमस्कार करतेय. त्यात कोण फसलं? पहिल्या बेसवरची मुलगीसुद्धा तो नमस्कार बघून स्वतःच्या नकळत छातीला हात लावत होती. त्यात ख्रिस्ती पंचानं नमस्कारावर बॉक दिला, असा व्हिडिओ गावोगावच्या ग्रुपवर फिरायला किती वेळ लागतो?

जाऊन तिला दोन शब्द सांगावेत, असंही सरांच्या मनात आलं. पण मैदानाच्या मध्यापर्यंत चालत जायचं, मास्क काढायचा, तिच्या प्रशिक्षकाशी, छगनशी, वाद घालायचा, परत चालत यायचं. ऊन मी म्हणत होतं. पुढच्या डावात सांगू, असं सरांनी ठरवलं. पुढच्या डावात त्याच्या पुढच्या डावाचं ठरवलं. दमलेला माणूस उदार दिसतो तो असा. त्याला क्षमाशील म्हणावं की आळशी, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही.

अधूनमधून सर चोरून भागवतकडे बघत होते. भागवत बाकावर हाताची घडी घालून बसला होता. त्याला नमस्कार दिसत होता, हे उघड होतं. जिल्ह्यात सरांच्या खालोखाल नियम त्यालाच यायचे. पण बॉक मागायचा तर पंचाशी बोलावं लागणार, आणि पंचाशी तर तो बोलत नव्हता. त्याची मान प्रत्येक नमस्काराला थोडी लाल व्हायची, एवढंच.

आणि रोहिणी? रोहिणीला सरांनी पहिल्यांदा ओळखलंच नाही. वेण्या गेल्या होत्या. केस पोरासारखे बारीक कापलेले, कानाच्या वर. टोपी काढली तेव्हा कपाळाचा कापलेल्या केसांखालचा भाग उरलेल्या चेहऱ्यापेक्षा उजळ दिसला. सरांनी मास्कच्या जाळीतून तो बघितला आणि ते उगाचच होम प्लेटवरची माती ब्रशनं झाडत बसले. ती आधीच स्वच्छ होती.

शेवटचा डाव आला. पुन्हा बरोबरी. बॅट सोनईच्या हातात, दोन मुली बाद, आणि तिसऱ्या बेसवर रोहिणी. नियतीला दुसरं काही सुचत नसावं.

मैदान गप्प झालं. माईकवरचा माणूसही थांबला. अश्विनीनं रबरावर पाय ठेवला, हात जुळवले. मग हात सुटला. मातीला, कपाळाला.

"सर!" तिसऱ्या बेसवरून आवाज आला. "हात सुटला, सर!"

भागवत बाकावरून उठला. वर्षात पहिल्यांदा त्यानं सरळ सरांच्या डोळ्यांत बघितलं. त्याचं तोंड उघडलं, मिटलं, आणि तो खाली बसला.

बॉक दिला, तर रोहिणी चालत घरी येणार, सोनई जिंकणार. लोक म्हणणार, त्रिभुवननं मित्राला जिल्हा बहाल केला. भागवतही म्हणेल, मला भीक घालतोस का? नाही दिला, तर भागवतच्या संघातल्या पोरीला वेणीसाठी बॉक आणि दुसरीला नमस्कार माफ. मग तो मरेपर्यंत बोलायचा नाही. वर गेल्यावरही दोघांची दारं वेगळी, त्यामुळे तिकडेही काही आशा नाही. आणि खरा नियम काय म्हणतो? तर नियम म्हणतो, बॉक. पण सामना सुरू झाल्यापासून तोच नियम मास्कमागे झोपला होता. त्याला आताच कुठून जाग आली, असं अश्विनीनं विचारलं, तर?

"टाइम!" सर ओरडले.

ते चालत निघाले. एवढं लांब अंतर ते या हंगामात चालले नव्हते. अश्विनी त्यांना येताना बघून कावरीबावरी झाली.

"बाळ," सर म्हणाले, "नमस्कार कर. पण आधी पाय रबराबाहेर काढ. मागच्या बाजूला. मग नमस्कार, मग परत पाय, मग हात जुळव. हात जुळल्यावर सोडायचे नाहीत. कळलं?"

"मंग आत्तापस्तोर चुकत हुतं का, सर?"

"हो."

"मंग आत्तापस्तोर सांगितलं का न्हाई?"

तेवढ्यात पुणतांब्याचे प्रशिक्षक छगन सर धावत आले. "काय झालं, त्रिभुवन सर? पोरीनं काय केलं?"

"काही नाही. चालू द्या."

परत येताना सर तिसऱ्या बेसच्या बाजूनं आले. तसं यायची गरज नव्हती. रोहिणी बेसवर एक पाय ठेवून उभी होती. ती रागावलेली नव्हती. हजेरीला नाव सांगावं तशा आवाजात ती म्हणाली, "मला कुनी सांगितलं नव्हतं, सर."

सरांनी मास्क खाली ओढला. पंचांना मास्क चेंडूपासून वाचायला देतात, असा समज आहे.

अश्विनीनं पाय रबराबाहेर काढला. नमस्कार केला. पाय परत ठेवला. खाली बघून तो नीट बसलाय का ते तपासलं. हात जुळवले. हातांकडे बघितलं. पुन्हा पायाकडे बघितलं. इतका वेळ जी पोरगी विचार न करता तोफ डागत होती, ती आता विचार करायला लागली होती, आणि विचार करून चेंडू नीट पडल्याचं सरांनी आजवर पाहिलं नव्हतं. चेंडू सुटला तो प्लेटच्या अलीकडे आपटला, कॅचरच्या हाताखालून निसटला आणि सरांच्या पायाला घासून मागच्या जाळीकडे गेला. रोहिणी धुरळा उडवत आली आणि सरांच्या बुटांपाशी घसरली.

"सेफ!" सरांनी दोन्ही हात फाकवले. आवाज त्यांचा होता, पण त्यात दम नव्हता.

सोनईच्या पोरी नाचल्या. पुणतांब्याच्या पोरी जागच्या जागी खाली बसल्या. छगन सर तरातरा आले, मागून चार पालक मोबाईल धरून.

"सर, बॉक हुता तर बॉक द्यायचा! पोरीला कळलं तरी असतं कशानं हरलो. तुम्ही शिकवायला गेलात! ऐन टायमाला!"

"मी म्हटलं, बॉक दिला तर..."

"एवढी दया हुती तर पहिल्या डावात करायची ना. शेवटच्या चेंडूला कसली दया? पोरीचं डोकंच फिरवलंत तुम्ही."

एक पालक म्हणाला, "माझ्याकडं सगळं स्लो मोशनमंदी हाय."

"काय आहे?" सरांनी थकून विचारलं.

"ते आता बघतो मी घरी जाऊन. पन हाय."

सरांनी वाद घातला नाही. छगनचं बोलणं अक्षर न अक्षर खरं होतं, ही त्यातली सगळ्यात त्रासदायक गोष्ट. त्यांनी कुणाला दुखवायचं नाही असं ठरवलं होतं, आणि तसं ठरवून एकाच चेंडूत दोन्ही संघांतल्या पिचर दुखवून दाखवल्या होत्या. निव्वळ नियमावर चालत होते त्या काळात त्यांना एका वेळी एकच जमायची.

मैदानाच्या कडेच्या कडुनिंबाखाली ते पायांची गार्ड सोडत बसले. पट्टा निघत नव्हता. समोर दोन धुळकट बूट येऊन उभे राहिले. सरांनी मान वर केली नाही. हे बूट त्यांना ओळखीचे होते. टाचा बाहेरच्या बाजूनं झिजायच्या.

"बॉक हुता," बुटांचा मालक म्हणाला.

सरांचा हात पट्ट्यावर थांबला. "हुता."

"मग दिला का न्हाईस?"

"पहिल्यापासून हुता, भागवत. तेव्हा दिला नाही. शेवटाला कुठल्या तोंडानं देऊ?"

"आन गेल्या साली?"

"गेल्या साली काय?"

भागवत खाली बसला. बसताना त्याच्याही तोंडून "आई गं" निघालं. "गेल्या साली रोहिणीची वेणी पहिल्या डावापासून म्होरं येत हुती. तुला पाळकबाईचा अंगठा दिसतो, आन वेणी दिसली न्हाई? हातभर लांब वेणी, तिला लाल रिबीन!"

"दिसली हुती."

"मग तवा शेवटाला कुठल्या तोंडानं दिलास?"

सर बराच वेळ निंबाच्या काड्या मोडत राहिले. "गेल्या साली मी दमलेलो नव्हतो रे," ते शेवटी म्हणाले. "दिसली चूक की द्यायची, एवढंच कळायचं. पहिल्या डावात तिनं केलं तेव्हा बेसवर कुणी नव्हतं, म्हणून नियमात बसत नव्हतं. मी वाटच बघत बसलो. नियमात बसायची."

"म्हंजी तू दमल्याबिगर मानसात येत न्हाईस."

"तसं समज."

"आन दमल्यावर बी धड येत न्हाईस. अर्ध्यातच थांबतोस."

सरांना हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचायच्या आत संपलं. "बॉक दिला म्हणून वर्षभर बोलला नाहीस?"

"बॉक हुताच की! मी कधी म्हनलं नव्हता म्हणून? अरे, एक शब्द टाकायचा हुतास तिच्या कानावर. 'पोरी, वेणी बांध.' संपलं. तिनं घरी जाऊन कातरीनं केस कापले, सत्या. तिची आई माझ्या दारात येऊन बसली, म्हनली, सर, ह्यो कसला खेळ?"

सत्या. हाक आली होती. सरांनी ज्या दिवसाची वाट बघितली होती तो दिवस हाच, पण त्यांना अपेक्षित होतं तसं काहीच छातीत झालं नाही. गार्डचा पट्टा मात्र निघाला.

"मग हे मला तेव्हाच सांगायचं होतंस की."

"तू सांगितलंस का तिला?" भागवतचा आवाज चढला. "न्हाई ना? मग म्या तुला का सांगू? म्हनलं, बस. न सांगता शिक्षा झाली की कसं वाटतं ते कळू दे."

"वर्षभर?"

"माझी बायको म्हनली, सोड आता. म्हनलं, अजून त्याला कळलं न्हाई."

"फोनवर खोकायचास तू."

"मुद्दाम खोकायचो. तुला कळावं म्हनून."

मैदानाच्या पलीकडे पुणतांब्याचा टेम्पो सुरू झाला. मागच्या फळीला टेकून अश्विनी बसली होती, गुडघ्यांत तोंड घालून. सर उठून हात हलवायच्या बेतात होते. ती बघणार नाही, हे त्यांना कळत होतं. टेम्पो नगर-मनमाड रस्त्याला लागला आणि ट्रकांच्या मागे दिसेनासा झाला. तिच्याशी बोलायचं राहिलं. आता ते पुढच्या वर्षी, ती खेळली तर.

"मला सांगून काय उपेग हाय?" भागवत म्हणाला. "रोहिणी तिकडं मांडवात हाय."

सोनईच्या पोरी मांडवाच्या सावलीत वडापाव खात होत्या. सर लंगडत तिकडे गेले. मागून भागवत, दोन पावलं अंतर ठेवून, कैदी पळून जाऊ नये अशा बेतानं. सरांना बघून पोरी उठल्या. रोहिणीनं तोंडातला घास गिळला.

"रोहिणी," सर म्हणाले. "गेल्या वर्षी मी तुला आधी सांगायला पाहिजे होतं."

"व्हय, सर," रोहिणी म्हणाली.

ती 'जाऊ द्या' म्हणेल, असं सरांना वाटलं होतं. ती म्हणाली नाही. सर तसेच उभे राहिले. एका पोरीनं त्यांच्यापुढे वडापाव धरला, तो त्यांनी घेतला, आणि आता त्याचं काय करायचं ते न समजून हातात धरून ठेवला.

"विभागाला पंच कसे असत्यात?" रोहिणीनं विचारलं.

"माझ्यासारखेच. थोडे कमी दमलेले."

"मग आत्ताच सांगा. काय काय चालत न्हाई ते."

सर खाली बसले. मैदानात, मातीत, पाय लांब करून. हात कुठे न्यायचे नाहीत, पाय कुठे ठेवायचा, बोट तोंडात घातलं तर काय, चेंडू बाहीला पुसला तर काय, ते सांगत गेले, आणि पोरी खात खात ऐकत राहिल्या. भागवत मध्ये मध्ये "ह्यो नियम कुठनं काढलास?" म्हणून फाटे फोडत होता. वर्षभराचं बोलणं तुंबलेलं. ते आता कुठूनही वाट काढत होतं.

"पन सर," रोहिणी म्हणाली, "ह्यातलं तुमी देता कवा आन सोडता कवा?"

सरांनी वडापाव खाली ठेवला. "आता असं ठरवलंय. दिसलं की त्याच डावात जाऊन सांगायचं, बेसवर कुणी असो नसो. सांगूनही केलं, की द्यायचं. मग शेवटचा डाव असला तरी."

"आन शेवटच्या डावातच पहिल्यांदा दिसलं तर?"

सर विचारात पडले. भागवतही पुढे झुकला. हे त्यालाही ऐकायचं होतं.

"तर," सर म्हणाले, "त्या दिवशी पंच दुसरा कुणीतरी असू दे, अशी आदल्या रात्री प्रार्थना करायची."

"ती तर आमी तुझ्या परत्येक सामन्याआधी करतो," भागवत म्हणाला.

पोरी खिदळल्या. एकीला ठसका लागला. सरांनीही मान खाली घालून हसून घेतलं, जेवढं त्या उन्हात जमलं तेवढं.

रोहिणी हसली नाही. तिनं हात चड्डीला पुसले, टोपी नीट बसवली आणि त्यांच्या समोर मांडी घालून बसली.

"पुढचा नियम सांगा, सर," ती म्हणाली.